उत्तर क्वीन्सलँडला राहायला येताय? साप, मगर आणि जेलीफिशच्या शेजारी कसं राहायचं

ऑस्ट्रेलियात उत्तर क्वीन्सलँडमधल्या आमच्या टाऊन्सव्हिलला दरवर्षी चार-दोन तरी नवीन मराठी घरं येतात, कुणी हॉस्पिटलात नोकरीला, कुणी युनिव्हर्सिटीत, कुणी खाणीच्या कामावर, आणि भेटल्यावर चहाचा कप खाली ठेवायच्या आत पहिला प्रश्न ठरलेला, "घरात साप येतात का हो?" येतात, कधीतरी येतात. पण मला खरी काळजी वाटते ती पाण्याची, आणि पाण्याचं कुणीच विचारत नाही. घर लागायच्या आधीच वीकेंडला बीचवर जायचा प्लॅन तयार असतो.

मी संगमेश्वरकडची. फुरसं म्हणजे काय ते शाळेत जायच्या आधीपासून माहीत, गडग्यात हात घालायचा नाही, कातळावरचा दगड उचलताना आधी पायाने हलवायचा, रात्री बॅटरीशिवाय पडवी उतरायची नाही, हे सगळं अंगात मुरलेलं. त्यामुळे इथे आले तेव्हा वाटलं आपल्याला हे काय शिकवणार. नंतर कळलं की आपल्याकडचं अर्धं शहाणपण इथे जसंच्या तसं चालतं आणि अर्धं उलटं पडतं, आणि कुठलं अर्धं चालतं ते माहीत नसेल तर घोटाळा होतो. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी भीती जरा मापात आणू. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत साप चावून साधारण १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. ऑस्ट्रेलियात हाच आकडा वर्षाला सरासरी दोनेक. इथले साप गरीब आहेत म्हणून नाही हं, ब्राऊन स्नेक आणि तैपानचं विष थेंबाला थेंब तोललं तर आपल्या नागापेक्षा कितीतरी जहाल. फरक पडतो तो पायात बूट असतात म्हणून, अँटिव्हेनम, म्हणजे विषावरचं औषध, मिळतं म्हणून, ॲम्ब्युलन्स येते म्हणून आणि लोकांना बँडेज बांधता येतं म्हणून. अजून एक सांगते, २००० ते २०१३ या काळात इथे सापाने २७ माणसं गेली आणि मधमाशी-गांधीलमाशीच्या चावण्यानेही २७च गेली. तेव्हा घरात कुणाला मधमाशीची ॲलर्जी असेल तर सापाच्या आधी डॉक्टरकडे जाऊन त्याचं इंजेक्शन लिहून घ्या.

पहिलं काम: बँडेज

गादी-फ्रिज नंतर घ्या, आधी केमिस्टकडे जाऊन सापाची बँडेजेस आणा. साधं पातळ क्रेप नको, जाड इलॅस्टिकवालं, १० ते १५ सेंटीमीटर रुंद आणि लांबलचक. माणशी दोन लागतात. काहींवर छोटे आयत छापलेले असतात, बँडेज नीट ताणलं की त्या आयताचे चौकोन होतात, म्हणजे किती ओढायचं हा प्रश्नच उरत नाही. तसलंच घ्या, थोडं महाग पडतं पण घ्या.

बांधायचं कसं ते नीट वाचा. चावलेली जागा बहुतेक वेळा हात नाहीतर पाय असते. आधी त्या जागेवरून एक बँडेज घट्ट गुंडाळायचं, मुरगळलेल्या घोट्याला बांधतो तेवढं घट्ट. मग दुसरं बँडेज बोटांच्या जरा वरून सुरू करून वर वर न्यायचं, पाय असेल तर जांघेपर्यंत, हात असेल तर काखेपर्यंत, जितकं जाईल तितकं. बोटांची टोकं उघडी ठेवायची, म्हणजे रक्त जातंय का ते दिसतं. पॅन्ट काढत बसायचं नाही, वरूनच बांधा. नेमकं कुठे चावलं तिथे बँडेजवर पेनने खूण करा. मग पायाला काठी, छत्री, गुंडाळलेला पेपर, जे असेल ते बांधून तो हलणार नाही असं करायचं, आणि ०००ला, म्हणजे इथल्या इमर्जन्सी नंबरला, फोन. माणसाने चालायचं नाही. अजिबात नाही, गाडीपर्यंतसुद्धा नाही, गाडी त्याच्यापर्यंत आली पाहिजे.

हे तंत्र १९७९ साली मेलबर्नच्या स्ट्रुअन सदरलँडने जगासमोर मांडलं. इथले जमिनीवरचे विषारी साप जवळजवळ सगळे नाग-मण्यारच्या कुळातले आहेत, घोणस-फुरशाच्या कुळातला एकही नाही. या कुळातलं विष बरंचसं कातडीखालच्या लसिकावाहिन्यांतून हळूहळू वर सरकतं, आणि दाब देऊन हातपाय निश्चल ठेवला की ते बराच वेळ तिथेच अडून राहतं. घोणस आणि फुरसं जिथे चावतं ती जागाच सडवतं, तिथे असा दाब देऊन विष कोंडणं त्रासाचं ठरू शकतं. म्हणून सुट्टीत गावी गेल्यावर हेच बँडेज डोळे झाकून वापरू नका, तिकडे हातपाय हलू न देता, आवळपट्टी न बांधता, तडक हॉस्पिटल गाठायचं.

आणि जागा धुवायची नाही. हे आपल्या लोकांना सगळ्यात जड जातं. धुवायचं नाही, हळद नाही, चिरा मारायच्या नाहीत, तोंडाने ओढायचं तर नाहीच. कातडीवर किंवा कपड्यावर राहिलेल्या विषावरून कुठल्या गटातला साप होता याचा अंदाज हॉस्पिटलमध्ये काढता येतो. साप मारून नेण्याची किंवा फोटोसाठी त्याच्या मागे जायची काहीच गरज नाही.

आमच्या घरातलंच सांगते. आई सहा महिन्यांसाठी आली होती, संध्याकाळी अनवाणी मागे गेली दोरीवरचे कपडे काढायला आणि आत येऊन म्हणाली काहीतरी टोचलं. घोट्यावर दोन बारीक ओरखडे, मधे पाऊण बोटाचं अंतर, रक्ताचा एक ठिपका, सूज नाही, दुखत नाही. "अगं काटा असेल, धुते मी," म्हणून ती उठायला लागली. मी तिला म्हटलं, "आई, तू जिथे आहेस तिथेच बस, हलू नकोस." मला कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं की ब्राऊन स्नेकचे दात अगदी छोटे, दोन-तीन मिलिमीटरचे असतात, चावल्याचं कळतच नाही आणि अर्ध्या तासात माणूस कोसळू शकतो. बांधताना माझे हात कापत होते, पण रविवारी दुपारी नवऱ्याच्या पायावर चार-पाच वेळा बांधून बघितलं होतं म्हणून हातांना आठवलं. ॲम्ब्युलन्सवाल्याने खूण बघितली, बँडेज तसंच राहू दिलं. हॉस्पिटलमध्ये बारा तास थोड्या थोड्या वेळाने रक्त तपासत राहिले आणि सगळं नॉर्मल निघालं. साप होता की काटा, ते कधीच कळलं नाही. त्यासाठी कुणी आम्हाला वेड्यात काढलं नाही, उलट नर्स म्हणाली, असंच करत जा. तेव्हा शंका आली की बांधा. खात्री व्हायची वाट बघू नका.

घर आणि बॅकयार्ड

इथे आपलं कोकणातलं शहाणपण चालतं. साप घरात येतो तो उंदीर-पाली-बेडकांच्या मागे. गवत कापलेलं ठेवा, पत्रे, लाकडं, फुटक्या कुंड्या जमिनीवर रचून ठेवू नका, कोंबड्या किंवा पक्षी पाळलेत तर दाणे सांडून राहू देऊ नका, दाराखालची फट बंद करा, खिडकीची जाळी फाटली असेल तर भाड्याचं घर असलं तरी एजंटच्या मागे लागून लावून घ्या. बागकामाला जाड हातमोजे आणि बंद बूट. रात्री कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला जाताना टॉर्च, मोबाईलचा नाही, चांगला टॉर्च. आपल्याकडे मृग लागला की साप बाहेर पडतात असं डोक्यात बसलेलं असतं, इथे ऋतू उलटे, पाऊस डिसेंबर ते मार्च आणि साप तर या भागात वर्षभर दिसतात, पण सप्टेंबरपासून पुढे जास्त.

घरात साप दिसलाच तर मुलांना आणि कुत्र्याला बाहेर काढा, त्या खोलीचं दार ओढून खालच्या फटीत टॉवेल कोंबा, आणि स्नेक कॅचरला फोन करा. प्रत्येक भागात असतात, पैसे घेतात, नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा. काठी घेऊन पुढे जायचं नाही. कितीतरी जणांना साप चावतो तो मारायला किंवा पकडायला गेल्यावरच, आणि इथे साप मारणं कायद्यानेही गुन्हा आहे. छपरात कधीतरी रात्री काहीतरी जड सरपटल्याचा आवाज येईल, तो बहुतेक कार्पेट पायथन, आपल्या अजगराच्या जातीचा, बिनविषारी, उंदीर खाऊन राहतो. अंगावरची नक्षी बघून आपल्या लोकांना घोणस वाटते आणि पळापळ होते.

कोळ्यांचं फार मनावर घेऊ नका. भिंतीवर पंज्याएवढा केसाळ दिसतो तो हंट्समन, तो काही करत नाही. बघायचा तो रेडबॅक, वाटाण्याएवढा, काळा कुळकुळीत आणि पाठीवर लाल पट्टा. आमच्या प्लास्टिकच्या खुर्चीखाली एकदा सापडला, खुर्ची उलटी केली तर पायाच्या कोपऱ्यात मळकट, गुंतागुंतीचं जाळं आणि त्यात कापसाच्या बोंडासारख्या दोन गोल गाठी, ती त्याची अंडी. म्हणून बाहेरच्या खुर्च्या, मुलांच्या सायकली, पत्रपेटी, बाहेर काढून ठेवलेले बूट, हे हात किंवा पाय घालायच्या आधी बघायचं, झटकायचं. रेडबॅक चावला तर बँडेज नाही, बर्फाने शेकायचं आणि दुखणं वाढलं तर डॉक्टर. पुढे-मागे ब्रिस्बेन-सिडनीकडे गेलात तर तिथला फनेल-वेब मात्र वेगळा, त्याला सापासारखंच बँडेज आणि ०००. त्याचं अँटिव्हेनम १९८१ साली आलं आणि त्यानंतर त्याच्या चावण्याने कुणी दगावलेलं नाही.

आता पाणी

ग्लॅडस्टोनजवळच्या बॉइन नदीपासून उत्तरेला सगळा मगरींचा मुलूख. नदी, खाडी, ओढा, तळं, खाजण, समुद्रकिनारासुद्धा. नावात सॉल्टवॉटर असलं तरी ही मगर गोड्या पाण्यातही आत आत जाते. क्वीन्सलँडमध्ये १९७४ पासून मगरींना संरक्षण आहे, त्याआधी कातड्यासाठी बेसुमार मारल्या, आता त्या परत वाढल्यात. २०१९च्या फेब्रुवारीत टाऊन्सव्हिलला पूर आला तेव्हा वस्तीतल्या रस्त्यांवर मगरी दिसल्या होत्या. तेव्हा पुराच्या पाण्यात मजा म्हणून पाय घालू नका, मुलांना तर नाहीच नाही.

नियम असे पाळा. बोर्ड असेल तिथे उतरायचं नाही आणि बोर्ड नसेल तरी मगर नाही असं धरायचं नाही. काठापासून निदान पाच मीटर लांब राहायचं, फोटो काढताना, गळ टाकतानासुद्धा. तंबू लावायचा तर पाण्यापासून पन्नास मीटर. काठावर मासे साफ करायचे नाहीत, ताटं विसळायची नाहीत, उरलेला भात-पोळी टाकायची नाही. आणि रोज त्याच वेळी त्याच जागी पाण्याशी जायचं नाही, कारण मगर बघत असते, दोन-चार दिवस तुमची वेळ लक्षात ठेवते आणि मग येते. पाणी गुडघाभर असो, गढूळ असो की स्वच्छ, ती दिसत नाही. आपल्याकडे नदी दिसली की चपला काढून पाय भिजवायचे, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावायचं, ही सवय मनापासूनची आहे आणि मला तिची फार आठवण येते. इथे ती सोडावी लागते.

यातूनच गणपतीचा विषय येतो आणि तो मी दरवर्षी नवीन लोकांना सांगते. विसर्जन खाडीत किंवा नदीत करायचं नाही. चतुर्थी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येते आणि सप्टेंबरपासूनच इथे मगरींचा विणीचा हंगाम सुरू होतो, त्यात त्या जास्त आक्रमक असतात. संध्याकाळची वेळ, काठावर घोळका, लहान मुलं, कुणीतरी कमरेएवढ्या पाण्यात मूर्ती घेऊन उभा, प्रसादाचे तुकडे पाण्यात, मगरीला बोलवायला अजून काय पाहिजे. शाडूची मूर्ती आणा किंवा घरी करा, मोठ्या टबात पाणी घ्या, आरती करा, बाप्पाला निरोप द्या, ती माती नंतर तुळशीला घाला. आमच्याकडे कितीतरी वर्षं असंच होतं आणि मुलांना ते पाणी हळूहळू मातकट होताना बघायला आवडतं. नारळी पौर्णिमेचा नारळही तसाच, देवासमोर वाढवा, खाडीच्या काठावर नको.

समुद्रात मगरीपेक्षा जास्त गाठ पडते ती जेलीफिशशी. नोव्हेंबर ते मे हा इथला स्टिंगर सीझन, म्हणजे डंख मारणाऱ्या जेलीफिशचा हंगाम. बॉक्स जेलीफिश पाण्यात जवळजवळ दिसतच नाही आणि तिचे धागे लांबलचक. शांत, उथळ, कोमट पाण्यात, ओढ्याच्या मुखाशी, म्हणजे नेमकं जिथे आपण मुलांना घेऊन बसतो तिथेच ती येते. मोठा दंश झाला तर काही मिनिटांत हृदय बंद पडू शकतं. या महिन्यांत जाळी लावलेल्या, लाइफगार्ड असलेल्या बीचवरच, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच, आणि तेही अंगभर लायक्राचा स्टिंगर सूट घालून. पूर्वी हे सूट नव्हते तेव्हा इथले लाइफसेव्हर बायकांचे पायमोजे, ते कमरेपर्यंतचे पॅंटीहोज, घालून पाण्यात उतरायचे आणि त्याने खरोखर वाचायचे.

जाळीतून आत येते ती इरुकांजी. हीसुद्धा जेलीफिशच, पण बोटाच्या पेराएवढी. चावल्यावर विशेष काही वाटत नाही, पण वीस ते चाळीस मिनिटांत कंबर-पाठ असह्य दुखायला लागते, उलट्या, घाम, ब्लडप्रेशर चढतं. हा त्रास नेमका कशाने होतो ते कित्येक वर्षं माहीतच नव्हतं. १९६१ साली केर्न्सच्या डॉक्टर जॅक बार्न्सनी एक छोटी जेलीफिश पकडली आणि स्वतःला, नऊ वर्षांच्या मुलाला आणि एका लाइफसेव्हरला तिचा दंश करून घेतला, तिघंही हॉस्पिटलमध्ये गेले आणि तेव्हा खात्री पटली. ही गोष्ट वाचली की माझ्या पोटात त्या मुलासाठी कालवतं.

दंश झाला तर आधी माणसाला पाण्याबाहेर काढा, ०००ला फोन करा, शुद्ध नसेल आणि श्वास चालत नसेल तर लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबत राहणं आणि तोंडाने श्वास देणं. दंशावर व्हिनेगर ओता, निदान तीस सेकंद, भरपूर. बीचवर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या लावलेल्या असतात, तरी आपली एक बाटली गाडीत ठेवा. साधं पाणी नाही, वाळू चोळायची नाही, बँडेजही नाही. व्हिनेगर ओतून झालं की मग धागे उचलून काढा.

खडकाळ भागात रीफ शूज घाला. स्टोनफिश दगडासारखाच दिसतो, काटा रुतला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, वेदनेमुळे अंदाज येत नाही म्हणून पाणी दुसऱ्याने हात घालून बघायचं. सुंदर शंख हातात घ्यायचा नाही, आत कोन स्नेल, म्हणजे विषारी समुद्री गोगलगाय, असू शकते. निळ्या वर्तुळांचा छोटा ऑक्टोपसही नाही. या दोघांवर अँटिव्हेनम नाही, सापासारखं बँडेज, ०००, आणि श्वास थांबला तर ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सीपीआर चालू ठेवायचा. सीपीआरचा एक दिवसाचा क्लास घराबाहेरचं पहिलं काम म्हणून करून टाका.

बाकीचे, भराभर

वटवाघूळ जमिनीवर पडलेलं दिसलं तर हात लावायचा नाही, मुलं कळवळून उचलतात. ऑस्ट्रेलियातल्या कुत्र्यांत रेबीज नाही, पण वटवाघळांत त्याच कुळातला व्हायरस आहे. बारीक ओरखडा असला तरी साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं, हो, इथे धुवायचं, आणि त्याच दिवशी डॉक्टर.

केन टोड म्हणजे तो मोठा खरखरीत बेडूक. आपल्या कोल्हापूर-साताऱ्याच्या लोकांना हुमणी माहीत आहे, तसलीच उसाच्या मुळाशी लागणारी अळी आणि तिचा भुंगा मारायला १९३५ साली गॉर्डनव्हेलला हवाईहून हे टोड आणून सोडले. भुंगे राहिले बाजूला, टोड सगळीकडे झाले. त्यांच्या खांद्याजवळच्या गाठींत विष असतं. कुत्र्याने तोंडात धरला तर ओल्या फडक्याने त्याच्या हिरड्या-जीभ पुसत राहायचं, पाईपने पाणी मारायचं नाही, आणि व्हेटकडे.

कॅसोवरी मिशन बीच-कुरांडाकडे दिसतो, माणसाएवढा पक्षी, पायाला खंजिरासारखं नख. खायला घालायचं नाही. समोर आला तर पळू नका, बॅग पुढे धरून हळूहळू मागे सरका. मॅगपाय वसंतात, म्हणजे इथल्या ऑगस्ट-ऑक्टोबरमध्ये, घरट्याजवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर झेप घेतात, चेहरे ओळखतात, तेवढे दिवस रस्ता बदला.

फोन आणि पैसे

विषाबद्दल काहीही शंका असेल तर १३ ११ २६, चोवीस तास. इमर्जन्सी प्लस हे ॲप टाकून ठेवा, रानात असताना आपण नेमके कुठे आहोत ते त्यावर दिसतं आणि ०००ला वाचून सांगता येतं. ॲम्ब्युलन्सचा खर्च क्वीन्सलँडच्या रहिवाशांसाठी राज्य उचलतं, पण आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर येणार असतील तर त्यांच्या इन्शुरन्समध्ये ॲम्ब्युलन्स आहे का ते तिकीट काढायच्या आधीच बघा, बिल मोठं येतं.

आई-बाबा दिवसभर घरी एकटे असतात, त्यांच्यासाठी फ्रिजवर मराठीत चिठ्ठी लावा. आमच्याकडची अजून तशीच आहे, आईच्याच अक्षरात, कारण तिने माझी फाडून स्वतः लिहून काढली: मागे जाताना चप्पल नाही, बूट. बँडेज मागच्या दारामागे, पांढऱ्या पिशवीत. धुवायचं नाही. चालायचं नाही. शून्य शून्य शून्य, आधी "ॲम्ब्युलन्स" म्हणायचं, मग "मराठी" म्हणायचं, दुभाषा देतात, फोन ठेवायचा नाही.